घरच्या राऊटरमध्ये पोर्ट उघडूनही दुकानातल्या संगणकावर बाहेरून जाता येत नाही

अडाणकाठ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमचे गाव असून तेथे वडिलांचे कृषी सेवा केंद्र आहे. मी नोकरीसाठी नागपुरात राहतो. बियाणे आणि खतांचा साठा, शेतकऱ्यांची उधारी, जीएसटीचे विवरणपत्र हे सारे दुकानातल्या संगणकावर असते, आणि मृग लागला की वडिलांना मान वर काढायला फुरसत मिळत नाही. म्हणून रात्री दुकान बंद झाल्यावर ते काम मी नागपूरहून, त्याच संगणकासमोर बसल्याप्रमाणे करावे, असे आमचे ठरले आहे. डेटा पेनड्राइव्हवर घालून ने-आण करणे मला नको आहे, कारण दोन ठिकाणी दोन हिशेब झाले की त्यातला खरा कोणता हे कळत नाही.

दुकानात फायबरची जोडणी आहे. सेवा पुरवठादाराने भिंतीवर पांढरा डबा बसवून दिला आहे, ज्याला गावात सगळे मोडेमच म्हणतात. त्याच्या लॅन पोर्टमधून मी माझा स्वतःचा राऊटर जोडला आहे आणि संगणक वायरने त्या राऊटरला जोडलेला आहे. संगणकावर विंडोज १० प्रो आहे. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून हा पडदा उघडण्याची विंडोजची सोय, सुरू करून दुकानाच्या वायफायवर असलेल्या मोबाइलवरून पाहिले तर १९२.१६८.०.१०५ या पत्त्यावर पडदा लगेच उघडतो. राऊटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट, म्हणजे आत यायचे क्रमांक दिलेले दार, त्याच पत्त्याकडे वळवले आहे, तो पत्ता बदलू नये म्हणून राऊटरमध्येच राखून ठेवला आहे, आणि बाहेरचा पत्ता बदलत राहिला तरी सापडावा म्हणून एका डायनॅमिक डीएनएस सेवेवर नावही घेतले आहे.

एवढे सगळे असूनही नागपूरहून प्रयत्न केला की बराच वेळ वाट पाहून जोडणी होऊ शकली नाही, एवढाच संदेश येतो. पारखण्यासाठी नको ती जोडणी अडवणारी विंडोजची फायरवॉल बंद करून पाहिली, तरी फरक पडला नाही. पुरवठादाराकडे फोन केला तेव्हा इंटरनेट चालू आहे म्हणजे तक्रार होत नाही, असे उत्तर मिळाले. आता नेमके कोठे पाहावे, हे कृपया कोणी सांगावे. दुपारी लाईन गेली की संगणक बंद पडतो आणि मग कोणी बटण दाबेपर्यंत बंदच राहतो, ही दुसरी अडचण आहे, पण ती नंतरची.

संत्राबाग

भाऊ, घरातल्या घरात आधी पारखून पाहिले हे फार चांगले केले, कारण त्यामुळे अर्धा गुंता आपोआप सुटला. आतून पडदा उघडतो याचा अर्थ विंडोजची आवृत्ती योग्य आहे, रिमोट डेस्कटॉपची सेवा चालू आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. विंडोजच्या होम आवृत्तीतून दुसऱ्या संगणकावर जाता येते, पण तिच्यावर बाहेरून कोणाला येता येत नाही. तो प्रश्न तुमच्याकडे प्रो असल्यामुळे निघतच नाही. फायरवॉल मात्र आजच पुन्हा सुरू करून घ्या.

जोडणी नाकारली जाणे आणि वाट पाहून वेळ संपणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. संदेश लगेच आणि नकाराचा आला असता, तर तुमची हाक कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोहोचली आणि तेथे ऐकणारे कोणी नव्हते, असा अर्थ निघाला असता. वेळ संपतो तेव्हा हाक बहुधा वाटेतच टाकून दिली जात असते. त्यामुळे संगणकाकडे पाहणे थांबवा आणि वाटेकडे पाहा.

तुमच्या राऊटरच्या पानावर वॅन (म्हणजे बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट या शीर्षकाखाली एक आयपी पत्ता दिसेल, तो लिहून घ्या. मग पुरवठादाराच्या मोडेमच्या पानावर जाऊन त्याचा वॅन पत्ता लिहून घ्या. शेवटी, बाहेरून आपला पत्ता कोणता दिसतो हे सांगणारे कोणतेही संकेतस्थळ दुकानातल्या संगणकावर उघडा आणि तो तिसरा पत्ता लिहा. हे तिन्ही येथे सांगा, मात्र शेवटचे दोन आकडे झाकून ठेवा. पत्ता १९२.१६८ ने, १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो खासगी जाळ्यातला पत्ता आहे आणि जगातून त्याच्याकडे थेट येता येत नाही. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर गोष्ट आणखी वेगळी आहे, पण ते आकडे आल्यावर बोलू.

एक सावधगिरीची सूचना करतो. हे पारखताना नागपूरहून किंवा मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरूनच पारखा. दुकानाच्या वायफायवर बसून बाहेरच्या पत्त्याने आत शिरायचा प्रयत्न केला, तर पुष्कळ राऊटर तशी उलट वळलेली जोडणी होऊ देत नाहीत आणि सगळे बरोबर असूनही ते चुकले आहे असे वाटते.

अडाणकाठ

आपल्या सूचनेप्रमाणे शनिवारी गावी येऊन पाहिले. माझ्या राऊटरचा वॅन पत्ता १९२.१६८.१.२ आहे. मोडेमच्या पानावरचा वॅन पत्ता १००.८१ ने सुरू होतो. संकेतस्थळावर दिसणारा पत्ता या दोहोंपेक्षा अगदीच वेगळा, १०३ ने सुरू होणारा आहे. डायनॅमिक डीएनएसचे नावही त्या १०३ वाल्या पत्त्याकडेच जाते.

मोडेमच्या पानावर आणखी एक आकडा दिसला, तो कामाचा असेल तर सांगतो. ऑप्टिकल पॉवर, रिसीव्ह, म्हणजे बहुधा येणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे २८ डीबीएम. संध्याकाळी कधी कधी मोडेमवरचा एलओएस नावाचा दिवा लाल होतो आणि काही वेळाने आपोआप विझतो.

पूर्णातीर

आपण तीन पत्ते दिले आणि ते तिन्ही वेगळे निघाले, त्यातच आपले उत्तर आहे. मी जाळ्यांच्याच कामात असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते, कारण हीच अडचण आता खेडोपाडी पोहोचलेल्या जवळजवळ प्रत्येक फायबर जोडणीत येते आणि माणसे महिनोन्महिने राऊटर उलटसुलट करत बसतात.

राऊटर काय करतो ते आधी पाहू. आतला संगणक बाहेर काही मागायला निघाला की राऊटर आपल्या तक्त्यात एक नोंद करतो, बाहेर आपलाच पत्ता लावतो, आणि उत्तर आले की त्या नोंदीवरून ते कोणाचे हे ओळखून आत पोहोचवतो. बाहेरून कोणी आपण होऊन आले तर तक्त्यात त्याची नोंद नसते, म्हणून राऊटर त्याला टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या तक्त्यात आपण हाताने केलेली कायमची नोंद. ती आपण आपल्या राऊटरमध्ये केली आहे. पण आपल्या राऊटरच्या बाहेर मोडेम स्वतःही राऊटरचेच काम करत आहे, त्याच्याही तक्त्यात तशी नोंद हवी. आणि मोडेमच्या बाहेर, पुरवठादाराच्या केंद्रात, तिसरा तसाच तक्ता आहे. त्या तिसऱ्या तक्त्याला आपला हात लागत नाही.

१००.८१ हा आकडा त्याच तिसऱ्या तक्त्याची खूण आहे. आयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या पद्धतीच्या, चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि आशिया-प्रशांत विभाग त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव तुकड्यावर आला. नंतर आलेल्या पुरवठादारांना हजारो घरांमागे मोजकेच सार्वजनिक पत्ते मिळाले, म्हणून ते एकाच पत्त्यामागे अनेक घरे बसवू लागले. या कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा मुद्दाम वेगळा काढण्यात आला. यालाच सीजीनॅट म्हणतात. आपल्या मोडेमला त्या पट्ट्यातला पत्ता आहे, याचा अर्थ १०३ वाला पत्ता आपल्या एकट्याचा नाही. तो आपल्यासारख्या कितीतरी घरांचा मिळून आहे, आणि त्याच्या ३३८९ वर आलेली हाक कोणाकडे द्यायची हे पुरवठादाराच्या यंत्राला ठाऊक नाही.

यावरून काही गोष्टी आपोआप ठरतात. डायनॅमिक डीएनएसचा येथे काही उपयोग नाही, कारण नाव कितीही अचूक असले तरी ते सामाईक पत्त्याकडेच नेते. मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याचे राऊटरचे काम बंद करून, पीपीपीओईची (पुरवठादाराकडे लॉगिन करणारी) जोडणी आपल्या राऊटरवर घेतली, तर एक तक्ता कमी होईल, आणि ते चांगलेच आहे. पण तिसरा तक्ता जागेवरच राहील, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी पुरवठादाराच्या माणसाला गावात बोलावू नका. राऊटर बदलून तर काहीच साधणार नाही.

उणे २८ हा आकडा दिलात हे बरे झाले. जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून देणाऱ्या प्रकारच्या जोडणीत घरच्या मोडेमला साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश नीट वाचता येतो. त्याच्याही खाली गेलात म्हणजे तुमची रेषा काठावर आहे आणि लाल दिवा त्याचाच आहे. वाटेतला स्प्लिटर, म्हणजे प्रकाश घरोघरी वाटणारा भाग, विजेवर चालत नाही, त्यामुळे बिघाड बहुधा जोडात किंवा वाकलेल्या वायरमध्ये असतो. भिंतीतून आत आल्यापासून मोडेमपर्यंतची वायर हाताने चाचपून पाहा. फायबरची वायर तांब्याच्या वायरीसारखी करकचून वळवली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो.

संत्राबाग

ताईंनी सांगितले ते अगदी खरे. मी त्यात एवढेच जोडतो की वार्षिक शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता मागता येतो. पुरवठादार देत असेल तर तो घ्यावा, म्हणजे मोडेम ब्रिजमध्ये टाकून तुमची आत्ताची सारी मांडणी जशीच्या तशी चालू होईल.

पूर्णातीर

स्थिर पत्ता मिळाला तरी त्यावर ३३८९ उघडे ठेवावे, याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो नुसत्या भीतीपोटी नाही. सार्वजनिक पत्त्यांवर हे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम अखंड चालू असतात. उघडे सापडले की ते पासवर्डांची यादी घेऊन दार ठोठावत बसतात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप या नावाने ओळखली गेलेली त्रुटी उघड झाली तेव्हा पासवर्ड न देताच जुन्या विंडोजमध्ये शिरता येत होते, आणि मायक्रोसॉफ्टला आधार संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. विंडोज १० वर त्या त्रुटीचा परिणाम नव्हता, परंतु विंडोज १० चाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ज्या संगणकावर गावातल्या शेतकऱ्यांची उधारी लिहिलेली आहे, तो असा उघड्यावर ठेवू नये. पोर्टचा क्रमांक बदलून ३३८९ चे ५०००० केले तरी शोधणाऱ्याला थोडा उशीर लागतो, बाकी काही होत नाही.

स्थिर पत्ता घेतलाच, तर त्यावर फक्त व्हीपीएनचे, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी कुलूपबंद वाटेचे, दार ठेवा. राऊटरमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनची सोय असेल तर त्याचे एकच यूडीपी पोर्ट, साधारणपणे ५१८२०, उघडावे लागते, आणि योग्य किल्ली नसलेल्या हाकेला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही; त्यामुळे तेथे काही आहे हे शोधणाऱ्याला कळतसुद्धा नाही. रिमोट डेस्कटॉप मग त्या व्हीपीएनच्या आतून वापरायचा.

आपल्या परिस्थितीत मात्र मी स्थिर पत्त्याचा खर्चही करणार नाही. सीजीनॅट आतून बाहेर जाणाऱ्या हाकेला अडवत नाही, हेच येथे उपयोगी पडते. वायरगार्डवरच चालणाऱ्या टेलस्केलसारख्या सेवेत दुकानातला संगणक आणि नागपूरचा संगणक हे दोघेही आपण होऊन बाहेर पडतात, मधल्या सर्व्हरकडून एकमेकांचा ठावठिकाणा घेतात आणि शक्य असेल तर एकमेकांशी थेट जोडून घेतात. थेट जमले नाही तर मधल्या रिले सर्व्हरमधून, थोड्या संथ गतीने का होईना, पण जोडतात. मधला सर्व्हर मजकूर वाचू शकत नाही, कारण वायरगार्डची किल्ली दोन टोकांनाच असते. राऊटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग आणि डायनॅमिक डीएनएसचे नाव दोन्ही काढून टाका. त्यांची गरज उरत नाही. मोफत योजनेच्या अटी व्यवसायासाठी लागू होतात का, तेवढे वाचून घ्या.

तीन बारकावे आहेत, ज्यांच्यामुळे पुढे काम अडते. पहिला असा की या सेवेत मिळणारा पत्ताही १०० नेच सुरू होतो, कारण ती तोच पट्टा वापरते. तो पाहून सीजीनॅटचाच पत्ता आला असे समजू नका. दुसरा असा की दुकानातल्या संगणकावर तो प्रोग्राम कोणी लॉगिन केलेले नसतानाही चालत राहील, अशी मांडणी त्याच्या पर्यायांमध्ये करावी लागते. ती केली नाही तर संगणक चालू असूनही रात्री सापडणार नाही. तिसरा म्हणजे विंडोजच्या फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमात बाहेरचे पत्ते म्हणून फक्त त्या जाळ्याचा पट्टा घाला, म्हणजे दुकानाच्या वायफायवर आलेल्या कोणाच्याही मोबाइलला तो पडदा उघडता येणार नाही.

आणखी एक गोष्ट वडिलांना आधीच सांगून ठेवा. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकालाच बसता येते. आपण नागपूरहून आत गेलात की दुकानातला पडदा कुलूपबंद होतो. रात्री त्याची अडचण नाही, पण दिवसा वडील पावती करत असताना आपण शिरलात तर गिऱ्हाइकासमोर त्यांचे काम थांबेल.

मेळघाट पायथा

मी परतवाड्याकडचा. वडील दिवसा दुकानात असताना त्यांच्याच समोरचा पडदा दोघांनी मिळून पाहायचा असेल, तर एनीडेस्क, रस्टडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप यांपैकी एखादे बरे पडते. तीही आतून बाहेर जाणारीच असल्याने सीजीनॅटमध्ये चालतात. मात्र अशा प्रोग्रामचा क्रमांक फोनवर विचारून खाती रिकामी करण्याचे प्रकार इतके वाढले होते की फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते. प्रोग्राम चांगलाच आहे, पण दुकानात वडील एकटे असतात. मुलाशिवाय कोणालाही, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही, पडद्यावरचा आकडा सांगायचा नाही, हे संगणकाजवळ मराठीत लिहून चिकटवा, आणि खाली १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांकही लिहा.

आता लाईनचे. संगणक सुरू होताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मांडणीच्या पानावर, जाऊन वीज परत आल्यावर काय करायचे, हा पर्याय शोधा. निरनिराळ्या मदरबोर्डवर त्याचे नाव थोडे वेगळे असते, पण बहुधा पॉवर मॅनेजमेंटच्या पानात एसी पॉवर लॉस असे शब्द असलेली ओळ सापडते. ती चालू कर यावर ठेवली की लाईन आली की संगणक आपोआप उठतो. लॅपटॉपला हा पर्याय बहुधा नसतो. विंडोजमध्ये झोपेची वेळ कधीच नाही अशी करा. आमच्याकडे लाईन एकदा आली की पाच-दहा मिनिटांत दोनदा ये-जा करते, त्यामुळे मधे साधा यूपीएस असलेला बरा, नाहीतर हार्ड डिस्क लवकर जाते.

मोडेम आणि राऊटर हे बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी लहान डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट, अँपियर आणि पिनचा आकार पाहून घ्या. वाटेत स्प्लिटरला वीज लागत नाही असे ताईंनी सांगितलेच आहे, म्हणून पुरवठादाराच्या केंद्रात वीज असेल तर गावात अंधार असतानाही तुमचे नेट चालू राहील.

राऊटर टिनाच्या छताखाली, उंच फळीवर ठेवला असेल तर तेवढा खाली घ्या. घरगुती राऊटर साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे वैशाखात बाहेरच ४५ असते. दुपारी नेट अडकते आणि बंद करून चालू केले की सुरळीत होते, असे असेल तर पुरवठादाराच्या आधी उन्हाकडे पाहावे.

संत्राबाग

३३८९ उघडे न ठेवण्याबाबत ताईंचे म्हणणे मला पटले. एक पर्याय मात्र नोंदवून ठेवतो. पुरवठादार आयपीची सहावी आवृत्ती देत असेल, तर तिच्यात पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि सीजीनॅटचा प्रश्नच उरत नाही. मोडेमच्या पानावर २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो का, ते पाहा. मात्र त्यासाठी नागपूरच्या टोकालाही सहावी आवृत्ती लागते, आणि बाहेरून येणारे सारे बंद, फक्त व्हीपीएन उघडे, असा नियम राऊटरच्या फायरवॉलमध्ये तेथेही लागतोच.

अडाणकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मोडेमवर सहावी आवृत्ती दिसत नाही, म्हणून पूर्णातीर ताईंनी सांगितलेला मार्ग धरला आणि काल रात्री नागपूरहून दुकानाचा पडदा उघडला. जोडणी थेट झाली, रिलेमधून नाही. साठ्याची नोंदवही चाळताना अक्षर टंकल्यावर उमटायला किंचित वेळ लागतो, पण काम करता येते. पोर्ट फॉरवर्डिंग आणि डीएनएसचे नाव दोन्ही काढले.

वायर चाचपायला चुलतभावाला सांगितले होते. भिंतीतून आत आलेली पिवळी वायर डीएपीच्या थप्पीमागे गेली होती आणि खालच्या पोत्याच्या कोपऱ्याने ती भिंतीशी अगदी दुमडल्यासारखी दाबून धरली होती. पोती हातभर पुढे ओढून वायरीला सैल वळण दिल्यावर तोच आकडा उणे २२ वर आला आणि त्यानंतर लाल दिवा लागलेला नाही. बायॉसमधला पर्यायही सापडला. भावाने मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा संगणक आपोआप सुरू झाला आणि कोणी लॉगिन न करताही माझ्या यादीत हिरवा दिसला.

एकच विचारायचे राहिले. टेलस्केलच्या पानावर दुकानातल्या संगणकापुढे किल्लीची मुदत असे काही लिहून आले आहे. ती संपली तर काय होते?

पूर्णातीर

ती मुदत मुळात १८० दिवसांची असते. संपली की तो संगणक जाळ्यातून बाहेर पडतो आणि दुकानात संगणकासमोर बसून पुन्हा लॉगिन करावे लागते. आत्ता लावलेली किल्ली नेमकी रब्बीच्या गर्दीत संपू शकते, म्हणून व्यवस्थापनाच्या पानावर त्या एका संगणकासाठी मुदत बंद करून ठेवा. आपल्या नागपूरच्या लॅपटॉपची मुदत मात्र तशीच राहू द्या, कारण लॅपटॉप हरवण्याची शक्यता अधिक. ज्या खात्याने टेलस्केलमध्ये लॉगिन केले आहे, त्या ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावली नसेल तर तीही आजच लावा. दुकानाचे दार आता त्या ईमेलच्या हाती आहे.